पाण्याच्या टाकीची शर्यत

सेक्रेटरींची एकच इच्छा होती, लोकांनी आपल्या सूचना वाचाव्यात. इमारतीतल्या लोकांचीही एकच इच्छा होती, त्या वाचाव्या लागू नयेत. फळा होता तोवर लोकांचं चांगलं चाललं होतं. फळ्याकडे पाठ करून लिफ्टची वाट बघायची, वर जायचं, आणि मग 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणून भांडायला पुन्हा खाली यायचं.

मग एक इंटरनेट कंपनी आली. तिच्या माणसाने सेक्रेटरींना दाखवलं की इंटरनेट सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या पडद्यावर सेक्रेटरींची सूचना उघडेल. तिच्याखाली एक चौकोन असेल, 'वाचले, समजले, मान्य आहे.' त्या चौकोनावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि नवी सूचना निघाली की सगळ्यांचं इंटरनेट पुन्हा टिचकी मारेपर्यंत थांबेल. सेक्रेटरींचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे सही केली आणि वर्षभर दुसऱ्या कुठल्या कंपनीची वायर इमारतीत शिरणार नाही असंही लिहून दिलं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आपल्या सासूबाईंना, या साऱ्याचं काही कौतुक नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या सूचनाच ऐकत आल्या होत्या. गॅसवरचं पातेलं उतरवता उतरवता त्या अंगठ्याने टिचकी मारत आणि न वाचता पुढे जात. सगळी इमारत तेच करत होती. वाचतात ते फक्त आपले अहो, आणि तेही स्वतःच लिहिलेलं, असं त्या सुनेला सांगत.

सून या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण दोघींचं गूळपीठ असं जमलं होतं की मुलगा म्हणायचा, मी लग्न करून आईला मैत्रीण आणून दिली. सून एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची, बोलायला गोड होती आणि दिसायला साधीभोळी. सासूबाईंनी तिला आठवड्याभरात ओळखलं. ही आपल्यासारखीच आतून वात्रट आहे, हे कळल्यावर त्यांना घरात कुणीतरी आपलं माणूस आल्यासारखं वाटलं.

सुनेने माहेरून आणलेल्या सामानात एक काळा डबा होता. टीव्हीला जोडायचा आणि खेळायचा, कन्सोल म्हणतात तो. तसाच दुसरा डबा तिच्या वडिलांकडे होता, दूरच्या गावी. त्याचं कारण सुनेने फक्त सासूबाईंना सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन.

तिचे अप्पा घड्याळं दुरुस्त करत. दुकानात स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना ते पडले आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. अप्पांनी तो दोन दिवस दाबला आणि शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. तिळाएवढे स्क्रू ज्या बोटांनी उचलायचे ती बोटं चमचासुद्धा धरेनात. दुकानाला कुलूप लागलं. बाजूचा मोबाईलची कव्हरं विकणारा जागा मागत होता, आणि अप्पा आता त्याला नाही म्हणायचे थांबले होते.

"चेंडू नाही दाबणार, पण मला हरवायला काहीही करतील," सून म्हणाली. "लहानपणापासून आम्ही बोटींची शर्यत खेळतो. त्यात दहाही बोटं चालवावी लागतात. बाईंनाही विचारलं मी. त्या म्हणाल्या, याहून चांगला व्यायाम नाही. पण आई, हे कुणाला सांगायचं नाही हं. सासरच्यांनी हळहळ केलेली अप्पांना खपणार नाही."

"मी कुणाला सांगणार?" सासूबाई म्हणाल्या. पोटात गोष्ट ठेवणं त्यांना एरवी जमत नसे, पण ही ठेवली.

रविवारी दुपारी सुनेने डबा जोडला, आणि पडद्यावर आलं की जोडणी झाली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"याला वेबपेज उघडता येत नाही," सून म्हणाली. "पान उघडत नाही, म्हणून टिचकी मारता येत नाही. टिचकी नाही, म्हणून इंटरनेट नाही."

"म्हणजे याला ह्यांच्या सूचना दिसत नाहीत?"

"नाही."

"सुखी आहे बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

मोबाईलच्या इंटरनेटचा प्रश्नच नव्हता. त्या तळमजल्यावर नुसतं फोनवर बोलायचं तरी खिडकीशी जावं लागे. मग सुनेने एक युक्ती काढली. प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो आणि कंपनी यंत्राला त्या नंबरानेच ओळखते. लॅपटॉपवर टिचकी मारायची, लॅपटॉप बंद करायचा आणि त्याचा नंबर कन्सोलमध्ये घालायचा. कंपनीला वाटणार, लॅपटॉपच चालू आहे.

"सोंग घ्यायचं म्हण की!" सासूबाई खूश झाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

सोंग उत्तम वठलं. पडद्यावर निळं तळं आलं, दोन बोटी आल्या आणि टीव्हीतून अप्पांचा आवाज आला, "झाली का तयारी? की रडायला रुमाल घेऊन येतेस?" शर्यत सुरू झाली. सून जीभ बाहेर काढून खेळत होती. शेवटच्या वळणापाशी ती पुढे होती.

नेमकं त्याच वेळी आतल्या खोलीत सेक्रेटरींना आठवलं की जिन्यात कुणाच्यातरी चपला पडल्या आहेत. त्यांनी सूचना काढली. इमारतीतलं सगळं इंटरनेट टिचकीची वाट बघत थांबलं, आणि सुनेची बोट तळ्याच्या मधोमध पुतळा होऊन राहिली.

खिडकीत ठेवलेला सुनेचा फोन वाजला. अप्पाच होते.

"मुद्दाम थांबलीस ना?"

"अहो अप्पा, नेट गेलं!"

"नेट बरं नेमकं शेवटच्या वळणावर जातं. लहानपणी त्याच वळणावर मला भिंतीवर ढकलून हसायचीस. आता बापाचा हात मोडला म्हणून सोडून देतेस." अप्पांचा आवाज चढला नव्हता, आणि सुनेला तेच जास्त लागलं. "कीव केलेली शर्यत मला नको. पुढच्या रविवारी नीट खेळणार असशील तर एकदा खेळू. नाहीतर डबा परत पाठवतो आणि त्या कव्हरवाल्याला हो म्हणून टाकतो. बस झालं."

सून फोन हातात धरून बसली. सासूबाईंनी आतल्या खोलीकडे असं पाहिलं की दाराला भोक पडावं.

रात्री जेवताना सुनेने सरळ विचारून पाहिलं. आपल्या अप्पांशी खेळायचंय, एवढंच सांगितलं.

"सवलत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "सवलत फक्त तीन यंत्रांना आहे. फाटकावरचा कॅमेरा, लिफ्टची घंटा आणि टाकीवरचं पाणी मोजणारं यंत्र. कारण त्यांना वाचता येत नाही."

"माझ्या यंत्रालाही वाचता येत नाही, बाबा."

"पण त्याच्यासमोर बसणारीला येतं."

सासूबाईंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की उत्तर बिनतोड होतं, आणि म्हणूनच त्यांना दुप्पट राग आला. मुलाने दोन्ही हात जोडले, मला यात ओढू नका म्हणाला आणि हॉस्पिटलातल्या आपल्या पाळीला निघून गेला. तो पुढेही या गोष्टीत कुठे उपयोगी पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता सासूबाई सहज म्हणाल्या, "लॅपटॉपचं सोंग घेता येतं, तर त्या तिघांपैकी कुणाचं का नाही?"

सुनेच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "आई!"

"आई काय? कॅमेऱ्याचं नको, चोर शिरायचा. घंटेचं नको, कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर पाप आपल्या माथी. टाकी राहिली. रविवारी दुपारी टाकीला काय काम असतं? सकाळीच भरून गप्प बसलेली असते."

"पण त्या वेळात खऱ्या यंत्राचं इंटरनेट जाईल. एका नंबराचे दोघे चालत नाहीत."

"तासभर गेलं तर टाकी काही तक्रार करणार नाही."

हे बोलताना आपण फार हुशार आहोत असं सासूबाईंना वाटत होतं. त्या हुशारीचं फळ पुढे मिळालंच.

गाद्यांना ऊन दाखवायच्या निमित्ताने दोघी गच्चीवर गेल्या, लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको म्हणून जिन्याने. सासूबाईंचे गुडघे प्रत्येक मजल्यावर निषेध नोंदवत होते. वाटेत वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका भेटल्या आणि गादी कुठे आहे म्हणाल्या. गादी आणायची राहिलीच होती. "आधी ऊन किती आहे ते बघायला चाललोय," सासूबाईंनी ठोकून दिलं आणि त्या पुढे सरकल्या. टाकीवरच्या यंत्राला चिकटवलेला कागद उन्हाने विटला होता. सून मान वाकडी करून एकेक आकडा वाचत होती आणि सासूबाई तो तळहातावर पेनाने लिहून घेत होत्या. त्यांना शाळेत कॉपी करताना झाला नव्हता एवढा आनंद होत होता.

तो रविवार आला. सकाळी सेक्रेटरींची सूचना आली, नेहमीसारखीच लांबलचक. सासूबाईंनी भाजी चिरता चिरता टिचकी मारली. सुनेने केस विंचरता विंचरता मारली. दुपारी सेक्रेटरी "मी ऑफिसात आहे" म्हणून गेले. ऑफिस त्यांच्या दारापासून चार पावलांवर होतं, पण ते नेहमी कुठेतरी लांब निघाल्यासारखे जात.

सुनेने टाकीचा नंबर कन्सोलमध्ये घातला. क्षणात जोडणी झाली. ना पान, ना चौकोन, ना टिचकी.

"आलीस?" अप्पांचा आवाज आला. "मी सकाळपासून बोटं शेकतोय. आज सोडलंस तर बघ."

"आज रुमाल तुम्हीच घ्या अप्पा."

सासूबाई दारापाशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या, पण पहारा दाराचा आणि डोळे टीव्हीवर. अप्पांची बोट सुरुवातीला वेडीवाकडी जात होती. मग हळूहळू सरळ झाली. "अंगठा वळतोय गं!" ते मधेच ओरडले. सुनेने ओठ घट्ट मिटले आणि वेग वाढवला. ती खरंच सोडत नव्हती. पाण्याचा आवाज खोलीभर घुमत होता. किती हुबेहूब आवाज काढतात हे लोक, असं सासूबाईंना वाटलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज टीव्हीतून येत नाहीये, खिडकीतून येतोय.

बाहेर गच्चीवरून पाण्याची धार कोसळत होती. वरच्या मजल्यांवरचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले जात होते. "पंप बंद करा, पंप!" असा गलका झाला आणि शिक्षिकाबाईंचा वर्गातला आवाज सगळ्यांच्या वर चढला. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, तिथल्या खिडकीशी, सेक्रेटरी उभे होते. गच्चीवर जाऊन आल्यामुळे नखशिखांत भिजलेले, आणि फोन कानापासून लांब धरून कंपनीशी भांडत. फोन मोठ्या आवाजात होता. सासूबाईंना दाराआडून एकेक शब्द ऐकू येत होता.

"टाकी भरली की यंत्राने पंपाला कळवायचं असतं! पंप फक्त त्याचंच ऐकतो! कळवत का नाही? बंद पडलंय का?"

"नाही सर," पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "तुमच्या टाकीचं यंत्र व्यवस्थित चालू आहे. एक मिनिट हं." मग बटणं बडवल्याचा आवाज आला. "सर, तुमची टाकी आत्ता बोटींची शर्यत खेळतेय."

"काय करतेय?"

"शर्यत, सर. चांगली खेळतेय."

सेक्रेटरींनी फोन बंद केला. दार आतून धरावं की आपणच उघडावं, हे ठरायच्या आत ते उघडलं.

"बाबा, एवढीच फेरी!" सून ओरडली. तिची बोट पुढे होती, शेवटचं वळण समोर होतं. "एवढीच, प्लीज!"

वर पाणी चालूच होतं. सेक्रेटरींनी भिंतीतली वायर ओढली. तळं गेलं, बोटी गेल्या. थोड्या वेळाने खऱ्या यंत्राचा जीव परत आला असावा, कारण खिडकीबाहेरची धार बारीक झाली आणि थांबली. खोलीत फक्त सेक्रेटरींच्या कपड्यांतून ठिबकणारं पाणी राहिलं.

"आजची सूचना वाचली होती?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूबाईंकडे.

"टिचकी मारलीत, दोघींनी. वाचले, समजले, मान्य आहे. काय मान्य केलंत ते तरी माहीत आहे? आज टाकी धुतली. दुपारी चारला पुन्हा भरणार, असं लिहिलं होतं. ठळक अक्षरांत."

सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ह्यांचं एखादं वाक्य वाचायला हवं होतं. पण तेवढ्यात खिडकीत ठेवलेला सुनेचा फोन वाजू लागला, आणि ती तो उचलेना. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून सासूबाईंना पोटात ठेवलेली गोष्ट ठेववेना.

"अहो, तिच्या अप्पांचा हात गेलाय," त्या भडाभडा बोलल्या. "बोटं चालत नाहीत. दुकान विकायला निघालेत. हिच्याशी खेळले तरच बोटं हलवतात, आणि ही मुद्दाम हरते असं वाटलं तर तेही सोडतील. मागच्या रविवारी तुमच्या त्या चपलांमुळे तसंच झालं आणि आज या टाकीमुळे. आता मला काय ओरडायचं ते ओरडा, पण नंतर."

सेक्रेटरी ओरडले नाहीत. त्यांनी हात शर्टाला पुसला. शर्ट ओलाच असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी खिडकीशी जाऊन सुनेचा फोन उचलला आणि मोठ्या आवाजात लावला.

"व्याहीबुवा, मी बोलतोय. वायर मी ओढली."

"तुम्ही तिची बाजू घेणारच," अप्पांचा आवाज कोरडा होता.

"मी कुणाची बाजू घेत नाही, मी सेक्रेटरी आहे. मी आत आलो तेव्हा तुमची मुलगी जिंकत होती."

"कितीने?"

"एका बोटीने पुढे होती. वळणाच्या अलीकडे."

अप्पा म्हणाले, "मग त्या वळणावर मी तिला गाठलं असतं."

"नसतं गाठलं!" सून उसळून म्हणाली. आत्तापर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कुठल्या कुठे गेलं. "त्या वळणावर तुम्ही नेहमी भिंतीवर आपटता!"

"आज नसतो आपटलो!"

"आपटला असता!"

"विहीणबाई, तुम्ही सांगा. तुम्ही बघत होता ना?"

सासूबाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. न मिटलेला वाद समोर असला की सेक्रेटरींना अन्न गोड लागत नसे, हे सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. "मला काही ठरवता येत नाही बाई," त्या निरागसपणे म्हणाल्या. "शर्यत पूर्ण झाल्याशिवाय कसं कळणार?"

सेक्रेटरी ओल्या खुर्चीवर बसले. म्हणजे ते बसल्यावर ती ओली झाली. त्यांनी मोबाईलवर काहीतरी उघडलं, बरंच दाबलं, दोनदा चष्मा पुसला. "कन्सोलचा खरा नंबर सांग," ते सुनेला म्हणाले. "टाकीचा नको. सवलत देतो. एका तासाची, आणि तीही वादाचा निकाल लागावा म्हणून. पण सूचना ऐकल्याशिवाय नाही."

आणि त्यांनी त्या दिवसाची सूचना उभं राहून वाचून दाखवली, टाकी धुण्यापासून ते झाकण लावण्यापर्यंत, एकही ओळ न गाळता. सुनेने ऐकली. सासूबाईंनी ऐकली. दूरच्या गावात, ज्यांना या टाकीतलं थेंबभर पाणी मिळणार नव्हतं, त्या अप्पांनीही फोनवर ऐकली आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणाले, "समजले, मान्य आहे. आता सुरू करा, माझी बोटं थंड होतायत."

सेक्रेटरींनी वायर पुन्हा लावली.

ती शर्यत सासूबाईंनी उभ्यानेच पाहिली. दोन्ही बोटी चिकटून चालल्या होत्या. अप्पा काही बोलत नव्हते, फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. सून वळणावर आतल्या बाजूने घुसली. अप्पांची बोट भिंतीकडे गेली. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती भिंतीला न लागता, केसभर अंतर राखून, वळून पुढे निघाली होती. सुनेने सगळी बटणं दाबून पाहिली. बोटीचं नाक तेवढं पुढे काढून अप्पा जिंकले.

"हे काय!" सून ताडकन उठली. "हे नाही चालणार! तुम्ही मला ढकललंत! बाबा, तुम्ही पाहिलंत ना, ढकललं ना त्यांनी?"

"ढकललं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "वळण नियमाप्रमाणे होतं."

तिने कंट्रोलर सोफ्यावर फेकला, पाय आपटला, पुन्हा कंट्रोलर उचलला. कान लाल झाले होते. "अजून एक खेळू! आत्ताच्या आत्ता!"

"विहीणबाई," अप्पांनी हळूच विचारलं, "खरंच चिडलीय का ती? की..."

"व्याहीबुवा, उशी फाडायचीच बाकी ठेवलीय तिने," सासूबाई म्हणाल्या. "मलाच भीती वाटतेय."

त्यावर अप्पा हसायला लागले. बराच वेळ हसत राहिले. "आज पुरे. बोटं भरून आलीत," ते म्हणाले. "त्या कव्हरवाल्याला निरोप द्यायचाय. उद्या दुकान उघडतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

सून अजून पडद्याकडे बघून पुटपुटत होती, आतल्या बाजूने गेलं की असंच होतं, बाहेरून जायला हवं होतं, पुढच्या वेळी दाखवतेच. मग ती मधेच थांबली.

"आई," ती वळून म्हणाली, "शेवटी काय म्हणाले अप्पा?"

"उद्या दुकान उघडतो म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. सून कंट्रोलर हातात घट्ट धरून मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.